‘श्रमसाफल्य’ची पाटी: एसव्हीजी फाइल कॅडमध्ये आणताना आलेल्या अडचणींचं प्रकरण

काम ऐकायला साधं होतं. कोथरूडच्या एका बंगल्याचं नवं फाटक आणि त्यावर ‘श्रमसाफल्य’ हे नाव. ३ मिमी जाडीच्या एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) पत्र्यातून सगळा शब्द अखंड कापायचा, शिरोरेषेत चार भोकं ठेवायची आणि फाटकाच्या आडव्या चौकोनी पाइपवर एम६ बोल्टने बसवायचा. शब्दाची लांबी ९०० मिमी. भोकांचं आपसातलं अंतर २८० मिमी, म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत ८४०. शब्दाखाली वेगळ्या तुकड्यात छोटं तुळशीवृंदावन, बंगल्यातल्या काकूंनी स्वतः कागदावर काढलेलं.

अक्षरांचं डिझाइन नारायण पेठेत डीटीपी करणाऱ्या एका ताईंचं, फाटक नऱ्ह्यातल्या वर्कशॉपचं, लेझर कटिंग भोसरी एमआयडीसीतलं. मधलं काम माझ्याकडे: ताईंकडून आलेली एसव्हीजी (रेषा आणि वक्र आकड्यांत लिहिलेली चित्राची फाइल) कॅडमध्ये, म्हणजे मापाने ड्रॉइंग काढायच्या प्रोग्राममध्ये आणायची, फाटकाच्या ड्रॉइंगवर बसवायची आणि लेझरवाल्यांना डीएक्सएफ (त्यांना चालणारी ड्रॉइंगची फाइल) द्यायची. नऱ्हे आणि भोसरी ही शहराची दोन टोकं आहेत. चुकीची फाइल मशिनवर पोचली तर पत्रा जातो, आणि तो परत आणण्यात अख्खा दिवसही जातो. म्हणून फाइल इथेच निर्दोष करणं हे या कामातलं सगळ्यात मोलाचं पाऊल आहे असं मी मानतो.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण वेगळं आहे. एसव्हीजी इम्पोर्टबद्दल जे मार्गदर्शन मिळतं ते रोमन अक्षरं गृहीत धरून लिहिलेलं असतं. तिथे प्रत्येक अक्षर सुटं असतं. आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात, आणि या कामातली सर्वांत अवघड अडचण नेमकी तिथेच होती.

फाइल आली तेव्हा

पहिल्या फाइलमध्ये नावाच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसली. हे निदान लगेच झालं. मजकूर डीटीपीत वर्षानुवर्षे चालत आलेल्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होता आणि फाइलमध्ये तो अजून मजकूर म्हणूनच बसला होता. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे मूळ रोमन अक्षरं उघडी पडतात. ताईंनी इलस्ट्रेटर या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ करून फाइल पुन्हा पाठवली. आता मजकुराच्या जागी आकार होते.

फॉन्ट मिळवून कॅडमध्येच नाव टाइप करावं, असं वर्कशॉपच्या दादांनी सुचवलं. देवनागरीच्या बाबतीत तो रस्ता मी घेत नाही. कॅडमधली बरीचशी टेक्स्ट टूल्स फॉन्टमधून एकेक अक्षर उचलून ओळीने मांडतात. जोडाक्षर जुळवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं हे काम त्यांच्यात होत नाही. ‘श्र’च्या जागी श, हलंत आणि र असे तीन तुकडे मिळतात. अक्षरजुळणी जिथे नीट होते तिथेच ती करून घ्यावी आणि पुढे फक्त आकार न्यावा.

दुसरी फाइल कॅडमध्ये उघडली तेव्हा चार गोष्टी एकदम दिसल्या. शब्द ९०० ऐवजी ६७५ मिमी भरला. शब्दाला जाडी देण्याची कमांड फसली. वृंदावनाची पानं चौकटीबाहेर आली होती. आणि वृंदावन नुसतं सरकवलं तरी प्रोग्राम अडखळत होता.

वर्कशॉपमधल्या मुलाने तोवर कॅडमध्येच रेषा ट्रिम करायला घेतल्या होत्या. कष्टाळू मुलगा आहे, पण मी त्याला थांबवलं. कॅडमध्ये एकेक रेघ दुरुस्त करत गेलं की मूळ चित्रातला दोष तसाच राहतो. घरच्यांनी अक्षरं जरा मोठी हवीत असं म्हटलं की सगळी दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून. दोष जिथे जन्मला तिथे काढायचा, म्हणजे व्हेक्टर ड्रॉइंगमध्ये, ताईंच्या मूळ चित्रात. कॅडमध्ये फक्त पारखायचं. या प्रकरणात मी हा नियम शेवटपर्यंत सोडला नाही.

६७५ कुठून आले

९०० ला ६७५ म्हणजे बरोबर पाऊणपट. प्रमाण इतकं नेमकं निघालं की गडबड एककाची आहे असं समजावं.

एसव्हीजीमधले आकडे मिमीत असतीलच असं नाही. फाइलच्या सुरुवातीला रुंदी आणि उंची ‘मिमी’सकट लिहिली असेल आणि व्ह्यूबॉक्स (चित्रातले आकडे ज्या चौकटीत मोजले जातात ती) तिच्याशी जुळत असेल, तर शंका उरत नाही. नुसते आकडे असतील तर वाचणाऱ्या प्रोग्रामला एक पिक्सेल केवढा हे ठरवावं लागतं. वेबच्या नियमाने इंचात ९६ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.२६४६ मिमी. छपाईच्या जगातून आलेला इलस्ट्रेटर इंचाला ७२ पॉइंट मोजतो. ९०० मिमीचे ७२ च्या हिशेबाने साधारण २५५१ एकक होतात. तोच आकडा ९६ च्या हिशेबाने वाचला की ६७५ मिमी. ७२ भागिले ९६, ०.७५. इंकस्केप या चित्र काढायच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्या ९० धरत असत. त्या काळातल्या फाइलमध्ये १०० मिमीचे ९३.७५ होतात, आणि ही चूक जास्त धोक्याची, कारण डोळ्यांना ती जाणवत नाही.

लहान आलेली फाइल ९०० मध्ये ‘बसवणं’ मोहाचं असतं. शब्दाची रुंदी निवडायची, ९०० टाइप करायचं, झालं. पण इंकस्केप साधारणपणे रेषेच्या जाडीसकट दिसणारी रुंदी मोजतं. रेषा १ मिमी जाड असेल तर खरा आकार ९०० नसून ८९९ होतो. त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये भौमितिक चौकट निवडता येते. मला त्याहून भरवशाचा वाटतो तो उपाय असा: ताईंना फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौरस काढायला सांगितला, बिनरेषेचा, नुसत्या भरीव रंगाचा. कॅडमध्ये तो ७५ आला. सगळी फाइल ४/३ पटीने वाढवली, चौरस १०० झाला, आणि शब्द आपोआप ९०० वर पोचला. शब्द मोजून शब्द दुरुस्त केला असता तर चुकीचा पडताळा चुकीनेच घेतल्यासारखं झालं असतं.

शिरोरेषा

आता मुख्य अडचण. शब्दाला जाडी का मिळत नव्हती?

इंकस्केपमध्ये व्ह्यू मेनूतून आउटलाइन मोड लावला. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि वाय. रंग, भराव, जाडी सगळं उडतं आणि नुसत्या कडा राहतात. कॅडला चित्र असंच दिसतं, म्हणून कुठलीही फाइल इम्पोर्ट करण्याआधी मी हे एकदा पाहतोच. पडद्यावर काळाभोर, अखंड दिसणारा ‘श्रमसाफल्य’ इथे सात सुट्या आकारांचा निघाला: श्र, म, स, काना, फ, अर्धा ल, य. प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःची छोटी शिरोरेषा, आणि ती शेजारच्या शिरोरेषेत थोडी घुसलेली.

ही फॉन्ट बनवणाऱ्याची चूक नाही, उलट काळजी आहे. शेजारच्या शिरोरेषा काठाला काठ लावून ठेवल्या तर छपाईत मध्ये केसाएवढी फट दिसू शकते. म्हणून त्या मुद्दाम एकमेकींवर चढवतात. कागदावर काळ्यावर काळं चढलं तरी काही बिघडत नाही. एसव्हीजीच्या नेहमीच्या भरावनियमातही दोनदा झाकलेली जागा भरलेलीच राहते. २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एसव्हीजीला पहिली मान्यता दिली ती वेबवरच्या चित्रांसाठी, आणि चित्र म्हणून ही फाइल निर्दोष होती. कॅडला मात्र भराव कळत नाही, कडा कळतात. एकमेकींना छेदणाऱ्या बंद कडांमधून आतलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे त्याला ठरवता आलं नाही, म्हणून कमांड फसली.

ती फसली हे बरंच झालं. हीच फाइल थेट डीएक्सएफ करून भोसरीला गेली असती तर लेझरने प्रत्येक कड इमानाने कापली असती. प्रत्येक शिरोरेषेचं टोक उभं छेदलं गेलं असतं आणि शब्दाचे सात तुकडे टेबलाखाली पडले असते.

या तपासणीसाठी मी एक साधा हिशेब करतो आणि तो प्रत्येक देवनागरी कामात करावा असं आग्रहाने सांगेन. शब्द कागदावर छापून अक्षरांच्या पोटातल्या बंद पोकळ्या मोजायच्या. ताईंच्या वळणात म, स, फ आणि य यांच्यात प्रत्येकी एक आणि श्रमध्ये एक, अशा पाच होत्या. शब्द अखंड असेल तर बाहेरची कड एकच. म्हणजे कॅडमध्ये सहा बंद वळसे दिसायला हवेत. आम्हाला दिसले बारा: सात बाहेरचे, पाच आतले. सहा जास्तीचे, म्हणजे सहा सांधे अजून जोडलेले नाहीत. शब्दात अनुस्वार किंवा रफार असता तर हिशेब थोडा बदलला असता. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटत नाही, तो वेगळा तुकडा म्हणून पडतो आणि त्याला धरायची सोय आधीच करावी लागते.

जोडण्याचं काम क्षणाचं आहे. सगळी अक्षरं अनग्रुप करून निवडायची आणि पाथ मेनूतलं युनियन, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. वळसे सहा झाले. पण युनियननंतर श्र आणि म यांच्या सांध्याखाली एक छोटी पायरी दिसली. ताईंनी श्र शोभेसाठी पाच टक्के मोठा केला होता आणि वरची कड जुळवली होती. त्यामुळे बाकी शब्दाची शिरोरेषा २२ मिमी आणि श्रची २३.१ झाली. कागदावर हा फरक कोणाच्या लक्षात आला नसता. ब्रश फिनिशच्या स्टीलवर, फाटकासमोर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो रोज दिसला असता.

इथे मी परस्पर काही केलं नाही. श्र लहान करणं मला सोपं होतं, पण अक्षराचं सौंदर्य हा ताईंचा प्रांत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “श्र तसाच राहू दे. रेषाच एक करू या ना.” हा उपाय माझ्यापेक्षा चांगला होता. सगळ्या शब्दावर ९०० बाय २४ मिमीचा एकच आयत ठेवला, त्याच्याशी सगळी अक्षरं युनियन केली. पायरी झाकली गेली, पोकळ्या वरून जराशा कमी झाल्या, आणि शिरोरेषेची वरची कड टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ झाली. ही रेघ पुढे फार कामाला आली, कारण चारही भोकांची मापं तिच्यावरून देता आली.

भोकं मुळातल्या एसव्हीजीतही होती. ती काढून टाकली. एसव्हीजीतलं चार बेझिए तुकड्यांचं (चित्रातल्या वक्रांचं) वर्तुळ खऱ्या वर्तुळापासून त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी ढळतं, त्यामुळे अचूकतेची तक्रार नव्हती. पण कॅडला ते वर्तुळ म्हणून ओळखता येत नाही. केंद्र सापडत नाही, व्यास देता येत नाही, पाइपच्या भोकाशी समकेंद्री बांधता येत नाही. एम६ साठी ६.६ मिमीची चार भोकं कॅडमध्येच, मापाने घातली. ज्याला माप आहे ते कॅडमध्ये काढावं आणि ज्याला वळण आहे ते चित्रातून घ्यावं, अशी वाटणी या कामात उत्तम चालली.

न दिसणाऱ्या काड्या

युनियननंतर जाडी मिळाली, पण लेझरची वाट धरून कड अर्ध्या कापरुंदीने (लेझरच्या कापाच्या निम्म्या रुंदीने) बाहेर सरकवून पाहिली तेव्हा दोन कोपऱ्यांत ती स्वतःवरच उलटली. बारकाईने मोठं करून पाहिलं तर तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजाव्या लागतील अशा सरळ काड्या होत्या.

कारण एक्स्पोर्टच्या खिडकीत होतं. दशांश स्थळं एकच ठेवलेली. ०.१ पॉइंट म्हणजे ०.०३५ मिमी. प्रत्येक बिंदू तेवढ्या पायरीवर ओढला जातो, आणि एसव्हीजीत पुढचा बिंदू आधीच्या बिंदूपासूनच्या अंतराने लिहिला असेल तर ही ओढाताण साठत जाते. शेवटी वळसा सुरुवातीच्या बिंदूवर येत नाही. ‘बंद करा’ असा शेवटचा आदेश असतो, म्हणून ती उरलेली चिमूटभर जागा एका काडीने भरली जाते. वळसा बंद दिसतो, तपासणीतही बंद निघतो, फक्त त्यात नको असलेली काडी असते. ताईंनी दशांश स्थळं चार करून फाइल पुन्हा दिली आणि काड्या गेल्या. कॅडमध्ये त्या वेचत बसण्यात संध्याकाळ गेली असती.

वृंदावन

चौकटीबाहेर आलेली पानं हा क्लिपिंग मास्कचा परिणाम. चित्रात पानं चौकटीपलीकडे वाढलेली होती आणि मास्कने बाहेरचा भाग झाकला होता. इम्पोर्ट करताना मास्क गळून पडला. ताईंनी पानं चौकटीशी खरोखर कापली.

प्रोग्राम अडखळण्याचं कारण जास्त खोल होतं. काकूंचं पेनने काढलेलं चित्र स्कॅन करून आपोआप ट्रेस केलेलं. असं ट्रेसिंग शाईच्या डागाची कड शोधतं. पेनच्या एका रेघेला दोन कडा असतात, म्हणून प्रत्येक रेघ दुहेरी झाली, आणि कागदाच्या खरखरीतपणामुळे प्रत्येक कडेवर बिंदूंची गर्दी. इंकस्केपचं ‘सिंप्लिफाय’ वापरून पाहिलं. बिंदू घटले, पण वृंदावनाच्या चौथऱ्याचे काटकोन गोलसर झाले. इंकस्केप १.० पासून मध्यरेषा शोधणारं ट्रेसिंगही मिळतं. त्याने रेघ एकेरी झाली, मात्र देठ जिथे फुटतात तिथे वेडेवाकडे कोन आले.

शेवटी ट्रेसिंग सोडून दिलं. चौथरा आणि कोनाडा कॅडमध्ये सरळ रेषा आणि चापांनी काढला. पानं ताईंनी स्कॅनवर पेन टूलने नव्याने गिरवली, प्रत्येक पानाला मोजके बिंदू देऊन. पानांच्या शिरा कापायच्या नव्हत्या, लेझरने नुसत्या खुणावायच्या होत्या, म्हणून त्या वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात ठेवल्या. काकूंच्या हाताचा किंचित तिरकेपणा पानांत तसाच राहिला. तो राहायलाच हवा होता.

भोसरीला गेलेली फाइल

डीएक्सएफ ऑटोकॅडबरोबर १९८२ मध्ये आलेलं. त्याच्या जुन्या, आर१२ पर्यंतच्या रूपांत स्प्लाइन, म्हणजे मुक्त वळणाचा वक्र, ही वस्तूच नाही. लेझरवाल्यांच्या नेस्टिंग प्रोग्रामला (पत्र्यावर तुकडे मांडणाऱ्या) काय पचतं हे आधी फोनवर विचारलं. त्यांना पॉलिलाइन, सरळ तुकड्यांची जोडरेषा, हवी होती. म्हणजे वक्र छोट्या सरळ तुकड्यांत मोडायचे, आणि तुकडे किती छोटे हे आपण ठरवायचं. हिशेब सोपा आहे: तुकड्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, एवढं अंतर वक्र त्या तुकड्यापासून फुगतो. ४० मिमी त्रिज्येच्या वळणावर ४ मिमीचा तुकडा ०.०५ मिमी ढळतो. २ मिमीचा घेतला तर ०.०१२५. आम्ही २ मिमीच्या आसपास राहिलो. त्याहून बारीक करून लाभ नव्हता, आणि मशिनला प्रत्येक तुकड्यावर वेग सांभाळावा लागतो.

एककाचा शिक्का डीएक्सएफच्या शीर्षभागात असतो. तिथे ४ म्हणजे मिमी, १ म्हणजे इंच, शून्य म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. शून्य असलेली फाइल इंच धरून उघडली तर ९०० चे जवळजवळ २३ मीटर होतात. इतकी मोठी चूक लगेच कळते, तरी फाइलबरोबर मुख्य मापं लिहिलेला पीडीएफ दिला आणि १०० मिमीचा चौरस वेगळ्या लेयरवर ठेवला. शेवटची तपासणी एकावर एक बसलेल्या रेषांची. ताईंनी बॉर्डरसाठी पानांची एक प्रत पानांवरच ठेवली होती. ती काढली नसती तर लेझर त्याच कडेवरून दोनदा गेलं असतं आणि कड करपली असती.

नायट्रोजनवर कापलेला तुकडा स्वच्छ कडांचा आला. नऱ्ह्यात पाइपवर ठेवला, चारही बोल्ट हाताने फिरले.

बंगल्यातल्या काकांनी मग आतल्या दारासाठी हेच नाव अर्ध्या आकारात, मागून दिवा लावून मागितलं. तिथे हिशेब उलटतो. पत्रा राहतो आणि अक्षरं निघून जातात, म्हणून पोटातल्या पाचही पोकळ्या सुटी बेटं होऊन पडतात. शिवाय ४५० मिमीची अखंड शिरोरेषा म्हणजे पत्र्यात तेवढी लांब फट, वरची कड लवचिक करणारी. दोन्हींवर एकच उपाय निघाला: प्रत्येक पोकळीपासून शिरोरेषा ओलांडून वरच्या पत्र्यापर्यंत ४ मिमी रुंदीचा उभा पूल. पाच पुलांनी पाच बेटं धरली आणि फटही तुटली. हे पूल कॅडमध्ये मापाने घातले, कारण पत्रा ३ चा आला काय किंवा २ चा, रुंदी एका आकड्यात बदलता येते. कुठल्या अक्षरात पूल नेमका कुठे उतरावा हे ताईंनी ठरवलं.